ब्रुकनरची अपुरी सिंफनी

धर्मग्रामाच्या कामातून रात्री दहानंतर जो थोडा वेळ आमच्या वाट्याला येतो, तो गेली कित्येक वर्षे आम्ही एका ऑस्ट्रियन माणसाच्या सहवासात घालवीत आलो आहोत. अंतोन ब्रुकनर हे त्यांचे नाव. १८२४ साली एका खेड्यातील शाळामास्तरांच्या घरी ते जन्मले. वडील वारल्यावर, तेराव्या वर्षी, आईने त्यांना सेंट फ्लोरियान येथील ऑगस्टिनियन मठात गायकमुलगा म्हणून नेऊन सोडले. पुढे त्याच मठात आणि नंतर लिंझच्या कॅथेड्रलमध्ये ते ऑर्गनवादक झाले. १८६८ मध्ये व्हिएन्नात प्राध्यापक म्हणून गेले, तरी त्यांचा खेडवळपणा अखेरपर्यंत सुटला नाही. रोज कोणत्या प्रार्थना किती वेळा म्हटल्या, याची नोंद ते आपल्या दैनंदिनीत करून ठेवीत. आज त्यांची शवपेटी सेंट फ्लोरियानच्या मंदिरात, त्यांच्याच त्या थोरल्या ऑर्गनखाली आहे.

त्यांच्या सर्व सिंफनींविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. नवव्या सिंफनीविषयी, आणि तीतही तिसऱ्या भागातील एका जागेविषयी तेवढे लिहायचे आहे. १८८७ साली त्यांनी ती हाती घेतली. १८९४ संपता संपता तीन भाग पूर्ण झाले. चौथ्यावर काम करीत असतानाच ११ ऑक्टोबर १८९६ रोजी त्यांना मरण आले. ही रचना त्यांनी ‘प्रिय परमेश्वराला’ अर्पण केली होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. चौथा भाग आपल्या हातून पुरा होणार नाही असे दिसू लागले, तेव्हा त्याच्या जागी आपले १८८४ सालचे ‘ते देउम’ गावे, असेही त्यांनी सुचविले होते. प्रत्यक्षात मात्र ती बहुधा तिसऱ्या भागापाशीच संपते. ‘अदाजिओ’ म्हणजे संथ लयीचा तो भाग.

आता, स्वर कागदावर लिहिलेले असताना एका ध्वनिमुद्रणात आणि दुसऱ्यात फरक तो काय असणार, असे वाचकांस वाटेल. त्यांस आमचे एवढेच सांगणे की मिस्साग्रंथही सर्व धर्मगुरूंना एकच दिलेला आहे. तरीही कोणत्या फादरांची मिस्सा पंचवीस मिनिटांत होते आणि कोणत्या फादरांच्या मिस्सेला येताना लहान मुलांना खाऊ घालून आणावे लागते, हे प्रत्येक धर्मग्रामात पाठ असते.

ही सिंफनी आम्हांला प्रथम भेटली ती सेमिनरीत. आमच्या संगीताच्या प्राध्यापक फादरांनी आपल्या ध्वनिमुद्रिकेवरून एक कॅसेट भरून दिली होती. ऑयगेन योखुम हे संचालक आणि बर्लिन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद. मुद्रण १९६० नंतरच्या दशकातले. योखुम बव्हेरियातले कॅथलिक, ऑर्गनवादकाचे पुत्र. त्यांच्या हाती ही रचना सुमारे तासाभरात संपते. लय ते एकसारखी ठेवीत नाहीत. स्वर चढू लागले की पावले उचलतात, शिखरावर पोचले की थबकतात. आमच्या तरुण मनाला ते फार भावले. दीक्षाविधीनंतर ज्या ज्या ठिकाणी आमची नेमणूक झाली, तेथे तेथे ती कॅसेट आमच्याबरोबर गेली.

ज्या जागेविषयी आम्ही म्हणतो, ती या अदाजिओच्या शेवटाकडे येते. सगळा वाद्यवृंद चढत चढत एका ठिकाणी येऊन आदळतो. सप्तकातील साती स्वर एकाच वेळी वाजतात. त्याला सुसंवाद म्हणता येत नाही. आक्रोश म्हणावे लागते. संगीताच्या जुन्या शिस्तीप्रमाणे अशा विसंवादाचे पुढच्या स्वरात समाधान व्हावयास हवे. ब्रुकनर हे शास्त्र आयुष्यभर शिकले आणि शिकवीत आले. पण येथे त्यांनी समाधान लिहिलेच नाही. लिहिला आहे तो विराम. तो किती लांबवायचा, हे संचालकावर सोडले आहे. त्यानंतर हलक्या आवाजात संगीत पुन्हा सुरू होते आणि आपल्याच आठव्या व सातव्या सिंफनीतील सुरांची आठवण काढीत, हॉर्नच्या एका दीर्घ स्वरावर शांत होते.

आमच्या कॅसेटवर हा विराम असा कधी ऐकू आलाच नाही. तेथे नुसती खरखर होती, आणि पावसाळ्यात कौलांवरचा आवाज. ही सिंफनी म्हणजे आक्रोश आणि त्यापाठोपाठ शांती, असाच आमचा समज झाला.

पुढे वेगवेगळी मुद्रणे मिळत गेली. विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांचे बर्लिनमधील मुद्रण ऑक्टोबर १९४४ चे आहे. त्या शहरावर बॉम्ब पडत होते. संगीत धावते, अडखळते, पुन्हा धावते, आणि त्या आक्रोशाच्या जागी तर दरीत कोसळावे तसे कोसळते. ते ऐकणे सोपे नाही, आणि त्याचे कारण केवळ संगीतात नाही. ज्या राजवटीत ते वाजले, त्या राजवटीने १९३७ साली ब्रुकनरांच्या अर्धपुतळ्याचे समारंभाने अनावरण केले, हिटलरच्या उपस्थितीत. आणि १९४१ मध्ये त्यांच्याच सेंट फ्लोरियानच्या मठावर जप्ती आणून मठवासींना बाहेर घालवले. १ मे १९४५ ला हिटलरच्या मृत्यूची बातमी जर्मन रेडिओवरून सांगण्यापूर्वी ब्रुकनरांच्याच सातव्या सिंफनीचा अदाजिओ वाजवण्यात आला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी निवर्तलेल्या त्या साध्या माणसाचा यात काय दोष? तरीही हे मुद्रण आम्ही वर्षातून एकदाच काढतो, आणि काढले की खोलीचे दार लावून घेतो.

झुबिन मेहता हे आपल्या मुंबईचे पारशी गृहस्थ. १९५४ साली ते शिकावयास व्हिएन्नाला गेले आणि १९६५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून त्यांनी ही सिंफनी वाजवून घेतली. तरुण माणसाची घाई तीत नाही. पितळी वाद्यांचा भरदारपणा ऐकावा तो येथेच. काळोख मात्र थोडा कमी पडतो, असे आमचे मत. आमच्या एका मित्राला हे मत मुळीच मान्य नाही.

सर्जिउ चेलिबिदाके यांचे सगळेच निराळे. ध्वनिमुद्रणाचा त्यांना तिटकारा होता. दिवाणखान्यात ऐकू येते ते संगीत नव्हे, स्वर सभागृहात कसे घुमतात त्यावर लय ठरते, असा त्यांचा आग्रह. १९९६ साली ते वारले, आणि त्यानंतरच म्युनिकमधील त्यांच्या कार्यक्रमांची मुद्रणे कुटुंबीयांच्या संमतीने बाजारात आली. १९९५ मधील त्यांची नववी सुमारे शहात्तर-सत्त्याहत्तर मिनिटे चालते. म्हणजे योखुमहून पाव तास अधिक. कॅथलिक योखुम धावतात आणि झेन बौद्धमताकडे वळलेले चेलिबिदाके ध्यानस्थ बसतात, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. संथ ते भक्तिपूर्ण, अशी आमची एक भाबडी समजूत होती. ती या मुद्रणाने मोडली. एकेक स्वर त्यांनी घासूनपुसून समोर ठेवला आहे, पण आक्रोशापाशी पोचेपर्यंत आम्हांला भय वाटेनासे होते. एकदा तर, खोटे कशाला सांगावे, आमचा डोळा लागला होता.

या सर्वांत आम्ही ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेलो, ते कार्लो मारिया जुलिनी. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात ओढले गेले. माणसावर गोळी झाडावयाची नाही म्हणून त्यांनी रोममध्ये नऊ महिने लपून काढले. पुढे लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे प्रमुखपद त्यांनी १९८४ मध्ये सोडले, ते आजारी पत्नीजवळ राहता यावे म्हणून. १९८८ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, व्हिएन्नात त्यांनी ही सिंफनी मुद्रित केली. सुमारे अडुसष्ट मिनिटे. त्या आक्रोशाकडे जाताना ते लय वाढवीत नाहीत. एकेक पायरी चढवीत नेतात. पुढे काय आहे हे आपल्याला दिसत असते आणि पाय मागे घेता येत नाही. मग तो आघात, आणि त्याचे पडसाद सभागृहात विरून जाईपर्यंत कोणी काही बोलत नाही.

ही सीडी आमच्याकडे बरेच दिवस होती, पण ती जागा आम्ही खऱ्या अर्थाने ऐकली ती एका विशिष्ट रात्री. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एकोणीस वर्षांच्या एका मुलाला आम्ही मातीआड केले होते. मोटारसायकलचा अपघात. अंत्यविधीच्या मिस्सेत आम्ही जे प्रवचन केले, त्याची अनेकांनी वाखाणणी केली होती. आम्हांलाही ते साधल्यासारखे वाटले होते. त्या दिवशी संध्याकाळी मुलाचे वडील मिस्सेचे काही विचारावयास सॅक्रिस्टीच्या दाराशी आले. बोलणे झाले, आणि जाता जाता ते म्हणाले, “फादर, त्या दिवशी तुम्ही पुनरुत्थानावर फार लवकर आलात.”

आवाजात राग नव्हता. आम्ही काहीतरी उत्तर देऊ लागलो, पण ते पायऱ्या उतरून गेले होते.

रात्री जुलिनींची मुद्रिका लावली. आघात झाला, विराम आला, आणि पुढचा हळुवार स्वर येण्याआधीच आम्ही मनात तो म्हणू लागलो होतो. तीस वर्षांच्या सवयीने. आमच्या लक्षात आले ते तेव्हा. आम्ही यंत्र बंद केले, ती जागा पुन्हा लावली, आणि या वेळी काही न म्हणता ऐकण्याचा प्रयत्न केला. तो चारपाच वेळा फसला.

नंतर योखुमांची तीच नववी सीडीवर मिळाली. पाहतो तर त्यांनीही तेथे विराम ठेवलेला! तो आमच्या कॅसेटच्या खरखरीने गिळला होता आणि दोष आम्ही इतकी वर्षे त्या सज्जन माणसाला देत आलो होतो.

हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न सुटत नाही. ब्रुकनरांना तेथे थांबावयाचे नव्हते. त्यांना परमेश्वराच्या स्तुतीपर्यंत जायचे होते. त्यासाठीच अंगात बळ नसताना ते चौथ्या भागाशी झगडत राहिले. त्या भागाच्या उरलेल्या कागदांवरून चार अभ्यासकांनी तो पुरा केला आणि सायमन रॅटल यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून २०१२ मध्ये वाजवून घेतला. प्रथम ऐकला तेव्हा आम्हांला तो आगंतुक वाटला. दुसऱ्यांदा इतका वाटला नाही. हॉर्नच्या त्या शांत स्वरावर थांबणे आपल्याला सुंदर वाटते, पण रचना करणाऱ्याला ती शांती पुरेशी नव्हती, हे धर्मगुरूने तरी विसरू नये. मग आमचे प्रवचन चुकले कोठे? पुनरुत्थान सांगण्यात नव्हे. ब्रुकनर तेथपर्यंत पोचावयास दोन वर्षे धडपडले, आणि आम्ही दहा मिनिटांत पोचलो होतो.

मुलाच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेआधी कोणती गीते घ्यावीत, असे आम्ही त्याच्या वडिलांना विचारले. “गाणी घ्या, फादर,” ते म्हणाले, “पण कम्युनियननंतर नको.” तसे केले. ऑर्गनवर बसलेली मुलगी सवयीने दोनदा आमच्याकडे पाहत होती. वडील पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते. त्यांनी काय प्रार्थना केली, ते आम्ही विचारले नाही. दर रविवारी ते येतात, पण अजून मागच्या बाकावर बसतात.

वाचकांपैकी कोणास ही सिंफनी ऐकावीशी वाटली, तर जुलिनींपासून आरंभ करावा आणि मग योखुमांकडे जावे. फुर्टव्हेंगलर एकट्याने ऐकावेत. चेलिबिदाके सकाळी ऐकावेत. रात्री दहानंतर मुळीच नाही. आणि कोणाकडे कॅसेट वाजविण्याचे चालू स्थितीतील यंत्र असेल, तर कृपा करून आम्हांस कळवावे. प्राध्यापक फादरांच्या हस्ताक्षरातली ती कॅसेट अजून आमच्या कपाटात आहे.