पॅरिस शहर आणि बारा नंबरची गाडी

परदेशातले मोठे शहर म्हटले की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. भाषा कळायची नाही, रस्ता सापडायचा नाही, चुकलो तर विचारायचे कुणाला? हल्ली मात्र खेड्यापाड्यांतून परदेशी जाण्याचे योग पुष्कळ येऊ लागले आहेत. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कुणाची मुलगी शिकायला असते, तर कुणी प्रगतिशील शेतकरी अभ्यास दौऱ्यात निवडला जातो. पण तिथे पोचल्यावर आईवडील मुलाच्या खोलीत दिवसभर खिडकीशी बसून राहतात आणि दौऱ्यातली मंडळी बसच्या काचेतून शहर बघून परत येतात. एवढा खर्च करून काचच बघायची काय? माझे सांगणे इतकेच आहे, की ज्याला दादरला लोकल बदलता येते किंवा स्वारगेटला एस. टी. बदलता येते, त्याला पॅरिसमध्ये एकट्याने फिरता येते. कसे ते सविस्तर सांगतो.

प्रथम जाण्याविषयी. फ्रान्ससाठी जो व्हिसा लागतो त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. तो युरोपातल्या एकोणतीस देशांत चालतो आणि त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. निदान ३०,००० युरोचा प्रवासविमा काढावा लागतो. मुंबईहून थेट विमान साधारण नऊ-दहा तासांत पोचते. तिथले घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते.

सामान बांधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साजूक तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेण्यास बंदी आहे. ताजा भाजीपाला, आंबा, बियाणे, रोपे हीसुद्धा तपासणीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. लेकासाठी डबा भरताना माउलीने चिवडा आणि चटणीवर भागवावे.

विमानतळाचे नाव शार्ल द गोल. तो शहराच्या ईशान्येला सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. तिथूनच आर-ई-आर नावाची आगगाडी सुटते. तिच्या ‘बी’ मार्गाने अर्ध्या-पाऊण तासात आपण गार द्यु नॉर, म्हणजे उत्तर स्टेशनात, येऊन पोचतो. विमानतळाच्या दारात कुणी अंगाला खेटून ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणू लागला तर त्याच्या मागे जाऊ नये. अधिकृत टॅक्सीची रांग वेगळी असते आणि तिथून शहरापर्यंतचे भाडे सरकारने ठरवून दिलेले आहे.

आता शहराची ठेवण बघा. पॅरिस वर्तुळासारखे आहे आणि सेन नदी त्याच्या मधून कमान टाकून वाहते. शहराचे वीस विभाग आहेत. एक नंबर मधोमध आणि पुढचे नंबर गोगलगाईच्या शंखासारखे फिरत फिरत बाहेर गेलेले. मूळ शहराचे क्षेत्र सुमारे १०५ चौरस किलोमीटर, म्हणजे एवढे नाव असलेले शहर फिरायला तसे आटोपशीरच म्हणायचे. जमिनीखालून धावणारी मेट्रो १९ जुलै १९०० रोजी सुरू झाली. आज तिचे सोळा मार्ग आणि तीनशेहून अधिक स्टेशने आहेत. दर पाच-सहाशे मीटरवर एखादे स्टेशन लागतेच.

मेट्रोचा सगळा मंत्र एका ओळीत मावतो: मार्गाचा नंबर आणि शेवटच्या स्टेशनाचे नाव. आपण एस. टी. वर पाटी वाचतो तसेच. पाट्यांची अक्षरे इंग्रजीचीच असतात, त्यामुळे उच्चार आला नाही तरी अक्षरे जुळवता येतात. बाहेर पडायच्या पाटीवर ‘सॉर्ती’ लिहिलेले असते आणि गाडी बदलायच्या पाटीवर ‘करेस्पाँदांस’. एवढे दोन शब्द वहीत लिहून घेतले की काम भागले.

तिकिटासाठी दोन युरोचे एक साधे कार्ड मिळते, त्यात पैसे भरायचे. एका कार्डावर एकच माणूस, नवरा-बायकोला एक कार्ड चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मेट्रोचा दर अडीच युरो, बसचा दोन युरो आणि विमानतळाचा तेरा युरो असा ठरला. दर जानेवारीत तो थोडाफार वाढतो, म्हणून निघण्यापूर्वी ताजा दर पाहून घ्यावा. आठवड्याचा पासही मिळतो, पण तो सोमवार ते रविवार असा धरतात. गुरुवारी पोचणाऱ्याने तो काढून काही फायदा नाही. कार्ड मात्र बाहेर पडेपर्यंत हातात ठेवावे, कारण तपासनीस कुठेही उभे राहतात आणि जागेवर दंड करतात.

आता मंत्र प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. त्यासाठी मी बारा नंबरचा मार्ग निवडला आहे. उत्तर स्टेशनातून चार नंबरची, पोर्त द क्लिन्यांकूरकडे जाणारी गाडी धरायची आणि तिसऱ्या स्टेशनावर, मार्काद-प्वासोनियेला, उतरायचे. तिथे बारा नंबर मिळते. तिचे उत्तरेचे टोक मेरी दोबेरव्हिलिये आणि दक्षिणेचे मेरी दिस्सी.

उत्तरेकडे पुढचेच स्टेशन मार्क्स दोरमोआ. तिथून चालत थोड्या अंतरावर श्री माणिक्क विनायकराचे देऊळ आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी १९८५ साली ते उभारले. गणेश चतुर्थीच्या सुमारास गणपतीचा रथ पॅरिसच्या रस्त्यातून निघतो आणि रस्त्यावर नारळांचे ढीग फोडले जातात. आजूबाजूला तमिळ दुकाने आहेत. डाळ, तांदूळ, कढीपत्ता, इडली-डोसा सगळे मिळते. शाकाहारी माणसाने पहिल्या दिवशी इथेच यावे, म्हणजे जिवाला धीर येतो.

उलट दिशेने मेरी दिस्सीची गाडी धरली की दुसरे स्टेशन लामार्क-कोलँकूर. स्टेशन खोल आहे, पण वर यायला लिफ्ट आहे. जवळच मोंमार्त्रच्या टेकडीच्या उतारावर द्राक्षाचा मळा आहे. होय, भर पॅरिसमध्ये! ही जागा इमारतींच्या घशात जाऊ नये म्हणून १९३३ मध्ये तिथे वेली लावल्या. क्षेत्र सुमारे १५ गुंठे. १९३४ पासून तिथे द्राक्षतोडणीचा उत्सव होतो. कुंपणाबाहेरून बाग चांगली दिसते. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोड छाटणी, अशी वेल दोनदा छाटावी लागते. तिथे थंडीने वेल आपोआप झोपी जाते, म्हणून हिवाळ्यात एकच छाटणी आणि शरदात एकच पीक. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराने हे डोळ्यांनी बघावे. पण एक काडी खिशात घालून आणण्याचा मोह धरू नये. कायद्याने परवान्याशिवाय ती आणता येत नाही आणि कायद्यामागे कारणही आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून वेलींबरोबर आलेल्या फायलोक्सेरा किडीने खुद्द फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या होत्या.

तीच गाडी पुढे नदीखालून पलीकडे जाते. सोल्फेरिनोला उतरले की ओर्से संग्रहालय जवळ आहे. ही इमारत १९०० साली रेल्वे स्टेशन म्हणून बांधली आणि १९८६ पासून तिथे चित्रे मांडली आहेत. सोमवारी बंद असते. तिथे मिले या चित्रकाराचे १८५७ सालचे एक चित्र आहे: सुगी झालेल्या शेतात तीन बाया वाकून सरवा वेचताहेत. राजे नाहीत, लढाया नाहीत, मागे दूर मालकाच्या गंज्या आणि पुढे वाकलेल्या तीन पाठी. ते समजायला फ्रेंच यावे लागत नाही.

पुढे मोंपार्नास-बियँव्हन्यू स्टेशन लागते. यातले दुसरे नाव मेट्रो बांधणाऱ्या इंजिनियरचे. रेल्वेच्या कामावर अपघातात त्याचा डावा हात गेला होता. एका हाताच्या माणसाने एवढे जाळे विणले.

त्याच मार्गावर पुढे पोर्त द व्हेर्साय. इथल्या प्रदर्शन-मैदानावर फेब्रुवारीच्या अखेरीस नऊ दिवस शेतीचे मोठे प्रदर्शन भरते. १९६४ पासून ते या नावाने चालते आणि २०२५ मध्ये सुमारे सहा लाख लोक ते पाहून गेले. त्यांत शहरातलेही पुष्कळ, पोरांना कडेवर घेऊन आलेले. गायी, मेंढ्या, घोडे, चीज, मध आणि त्यांच्या शेजारी उभा शेतकरी. शहरातली आई त्याला विचारते, ही गाय दूध किती देते? रोगाची साथ असेल त्या वर्षी काही जनावरे आणत नाहीत, म्हणून आधी चौकशी करावी. थंडी कडक असते, कानटोपी न्यावी.

मी गेलो तेव्हा आमच्या गटात एक द्राक्ष बागायतदार बाई होत्या, शिक्षण सातवी. सहल नेणाऱ्या माणसाने सर्वांना बजावले होते, की हॉटेल सोडून कुठे जाऊ नका. बाई म्हणाल्या, “साहेब, पाटी तर वाचता येते ना मला?” दुसऱ्या दिवशी त्यांनी तळहातावर ‘१२’ आणि शेवटच्या स्टेशनाची अक्षरे लिहून घेतली, एकट्या मळा बघून आल्या आणि संध्याकाळी आम्हालाच तिथल्या छाटणीची माहिती दिली.

काही सावधगिरीच्या गोष्टी. गर्दीत खिसेकापू असतात, पासपोर्ट व पैसे आतल्या खिशात ठेवावेत. बऱ्याच स्टेशनांत जिने फार आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी बस धरावी, तिच्या पायऱ्या नसतात आणि शहरही दिसते. आणि कुणालाही काही विचारण्याआधी ‘बाँजूर’, म्हणजे नमस्कार, म्हणावे. तिथे दुकानात शिरतानाही आधी हे म्हणतात. न म्हणता विचारले तर माणूस तुटक बोलतो, म्हटले तर हात धरून दारापर्यंत पोचवतो.

तेव्हा मंडळी, योग आला तर भिऊन घरात बसू नका. हॉटेलचा पत्ता कागदावर, कार्ड हातात आणि शेवटच्या स्टेशनाचे नाव तोंडात, एवढी शिदोरी पुरेशी आहे. बाकी रस्ता पाटी दाखवते.