मॉड टाकताय? जरा दमानं!

गेममध्ये मॉड टाकणं सोपं आहे हो, निस्तरणं अवघड! मॉड म्हणजे नुसती चित्रं नव्हेत, आपल्या मशीनवर चालणारा कुणाचा तरी प्रोग्रॅम. जून २०२३ मध्ये कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या साइटवर माईनक्राफ्टच्या मॉड्समध्ये 'फ्रॅक्चरायझर' निघाला. हा ब्राउझरमधले पासवर्ड चोरायचा. तासगावला ताईकडे एकच कॉम्प्युटर. त्यावर भाच्याचा माईनक्राफ्ट आणि भावजींचं नेट बँकिंगही, म्हणजे वर्षभराच्या बेदाण्याचे पैसे! म्हणून आधी सेव्ह फोल्डरची कॉपी काढली. भाच्याला ॲडमिन नसलेलं वेगळं अकाउंट दिलं. एका वेळी एकच मॉड, तोही स्कॅन करून. "मामा, नवीन व्हर्जन आजच आलंय!" आलं असेल, चार दिवस थांब. तेव्हा ओळखीच्या मॉड्सच्या नव्या व्हर्जनमधूनच तर घात झाला होता.