माहेरपण आणि मौन

मनःस्वास्थ्यासाठीं कांहीं दिवस घरदार सोडून, निसर्गाच्या सान्निध्यांत मौनानें राहण्याची प्रथा हल्लीं सुशिक्षित मंडळींत वाढत आहे. तिला सजगतेची साधना म्हणतात. मूळ पाली शब्द 'सति' म्हणजे आपली 'स्मृति'च. मात्र येथें गतगोष्टींचें स्मरण अभिप्रेत नसून चालू क्षणाचें अवधान अभिप्रेत आहे. (जन्मभर संस्कृत शिकविल्यावर शब्दांची चिकित्सा सुटत नाहीं, वाचकांनीं क्षमा करावी.)

एकांताची थोरवी आपणांस नवी नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योग्यास एकांतांत बसावयास सांगितलें आहे. परंतु ज्या गृहिणीवर घराची चूल अवलंबून, तिनें हा एकांत आणावा कोठून? पुरुषास वानप्रस्थ होता, तीर्थयात्रा होती. स्त्रीस होतें तें माहेर. नागपंचमीस अथवा दिवाळीस चार दिवस जावें, उशिरां उठावें, आयतें जेवावें आणि कोणीं कांहीं मागूं नये. आईवडील गेले कीं तेंहि संपतें. आमच्या धाकट्या सूनबाईंचें तसेंच झालें. आईमागून वडीलहि गेले, आणि शहाद्याच्या आमच्या नऊ माणसांच्या घरांत त्यांस रात्रीची झोप येईनाशी झाली.

"मामंजी, दहा दिवस इगतपुरीस जाऊन येऊं का?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां घरांत एकच गहजब उडाला. वडील वहिनींचे आक्षेप दोन: स्वयंपाकाचें काय, आणि आपल्या घरांत बौद्धांची साधना कशाला? तडजोड म्हणून सर्वांनींच तोरणमाळास जावें असें ठरलें. सातपुड्यांतील ३,५०० फुटांहून उंच असलेलें हें ठिकाण आमच्याच नंदुरबार जिल्ह्यांत आहे. यशवंत तलावाचें निश्चल पाणी, सीताखाईची खोल दरी, महाशिवरात्रीस जेथें यात्रा भरते तें गोरक्षनाथाचें देऊळ, हें सर्व पाहून मंडळी प्रसन्न झाली. सूनबाई मात्र तिन्ही दिवस पहाटे उठून स्टोव्हवर चहा करीत होत्या. डोंगर बदलला, चूल तीच राहिली.

मग आम्हीच वहिनींशीं बोललों. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका हे १९२४ सालीं मंडाले येथें एका मारवाडी हिंदु कुटुंबांत जन्मले. त्यांचे गुरु सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाच्या सरकारांत मोठे हिशेब-अधिकारी होते. १९६९ सालीं गोएंका भारतांत आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरें भरूं लागलीं. तेथें कोणास धर्म सोडावयास सांगत नाहींत. पहाटे चारला उठावयाचें, नऊ दिवस मौन पाळावयाचें, लेखनवाचनहि बंद. पहिले तीन दिवस केवळ येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा. प्राणायामांत श्वासाचें नियमन असतें, येथें तो जसा असेल तसा न्याहाळावयाचा. फी नाहीं, शिबिर पुरें केल्यावर ज्यानें त्यानें स्वेच्छेनें दान द्यावें. आणि अन्न दुसरे कोणी शिजवून वाढतात! या शेवटच्या मुद्द्यावर वहिनी कांहीं वेळ गप्प बसल्या.

मार्गशीर्षांत सूनबाई गेल्या. घरीं आमच्या कुटुंबानें आमटी सांभाळली, आम्ही भाज्या चिरल्या आणि चिरंजीवांस लग्नानंतर अकरा वर्षांनीं तूरडाळीचा डबा कोठें असतो तें कळलें. पोळ्या मात्र, खरें सांगावयाचें तर, बाहेरून आणाव्या लागल्या.

दहा दिवसांत दुःख नाहींसें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. तशी जाहिरात कोणी करील तर तिच्यावर विश्वासहि ठेवूं नये. सूनबाईंस अजून मधूनमधून रात्रीं दोन वाजतां जाग येते. पूर्वीं त्या उठून भांडीं आवरीत बसत. आतां श्वास पाहत अंथरुणांतच पडून राहतात. सकाळचा चहा चिरंजीव करतात. साखर जास्त पडते, तरी कोणी बोलत नाहीं.

परवां वहिनींनीं आम्हांस बाजूस बोलावून विचारलें, गुडघे धरलेल्या माणसास तेथें बसावयास खुर्ची देतात काय. देतात, असें आम्ही सांगितलें.