सरगमचा अर्थ

१३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात डॉ. प्रभा अत्रे यांचे निधन झाले. त्या ९१ वर्षांच्या होत्या. इतक्या दीर्घ आणि कृतार्थ आयुष्याच्या अखेरीस शोक तरी कशाचा करावा, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एका अभ्यासकाचे आहे. शब्दांच्या अर्थाविषयी मी आयुष्यभर वाचले आणि शिकवले; परंतु शब्द नसतानाही अर्थ कसा उभा राहतो, हे मला प्रभाताईंच्या गाण्याने समजावले.

त्यांचा जन्म १९३२ साली पुण्यात झाला. विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या त्यांनी घेतल्या. गायनाची तालीम किराणा घराण्यातील सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर या भावंडांकडे झाली. संगीत नाटकांत भूमिका, आकाशवाणीवरील नोकरी, मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील संगीत विभागाचे प्रमुखपद, अशी त्यांची वाटचाल होती. २०२२ साली पद्मविभूषण हा सन्मान त्यांना लाभला. मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांनी डॉक्टरेटसाठी निवडलेला विषय. तो विषय होता सरगम.

सरगम म्हणजे स्वरांची नावे उच्चारत केलेले गायन. अनेक जाणकारांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. सा, रे, ग, म ही शिकाऊ गायकाची बाराखडी. मैफलीत तिचे काय काम, असा त्यांचा आक्षेप असे. अब्दुल करीम खाँ यांनी कर्नाटक संगीताच्या परिचयातून सरगमला आपल्या गायनात स्थान दिले, अमीर खाँ यांनीही ती मनःपूर्वक गायिली. तरी आक्षेप मिटला नाही. प्रभाताईंनी त्याला गाऊन उत्तर दिले आणि लिहूनही दिले. आलाप आणि तान यांच्याप्रमाणे सरगम हेही भाव व्यक्त करण्याचे समर्थ साधन आहे, अशी त्यांची भूमिका होती.

ध्वनिविचाराच्या अंगाने पाहिले तर या भूमिकेतील तथ्य ध्यानात येते. आकारात गाताना नाद अखंड वाहतो. सरगममध्ये प्रत्येक स्वराला एक व्यंजन येऊन मिळते. ‘ग’, ‘प’, ‘ध’ ही स्फोटक व्यंजने प्रवाहाला क्षणभर अडवतात. ‘म’ आणि ‘नी’ यांच्या आरंभी नाद नाकावाटे चालू राहतो. ‘सा’मध्ये श्वासाचे घर्षण आहे, ‘रे’मध्ये जिभेचा कंप. कलावती रागात रिषभ आणि मध्यम वर्ज्य असतात; त्यामुळे ‘रे’ आणि ‘म’ ही अक्षरेच गायिकेच्या हाती नसतात. उरलेल्या पाच अक्षरांवर सारा डोलारा उभारायचा. शब्दकोशात या अक्षरांना स्वरनामांपलीकडे अर्थ नाही. तरीही प्रभाताईंच्या कंठातून ती कधी विनवणी करतात, कधी लटका हट्ट धरतात, तर कधी एकाएकी शांत होतात.

मारुबिहाग आणि कलावती या रागांची त्यांची ध्वनिमुद्रिका बेलपाड्याच्या आमच्या घरात अनेक वर्षे ऐकली जात आहे. ती ऐकता ऐकता भोवतालच्या बोलण्याकडेही माझे कान वळले. संध्याकाळी एखादी आई दारातून मुलाला हाक मारते आणि दुरून ‘हो’ असे उत्तर येते. तो होकार आहे, टाळाटाळ आहे की वैताग, हे तिला शब्दावरून कळत नाही, सुरावरून कळते. भाषाविज्ञान ज्याला सुरावली म्हणते, ती अशी रोजच्या व्यवहारात वावरत असते. सरगम ऐकणाऱ्याचे कान तिच्यासाठी तयार होतात.

कवितेची चिकित्सा केली की तिचा आनंद नाहीसा होतो, अशी शंका आपल्या अभ्यासक्रमातील विद्यार्थी पुष्कळदा व्यक्त करतात. नोकरी आणि संसार सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याच्या मनात ती येणे स्वाभाविक आहे. जो आनंद मिळवण्यासाठी हा खटाटोप, तोच हातचा गेला तर? प्रभाताईंनी स्वतःच्या कलेची सातत्याने चिकित्सा केली, तिच्यावर ग्रंथ लिहिले, आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या गात राहिल्या. चिकित्सेने त्यांचे गाणे कोरडे पडले नाही. आपण काय करतो आहोत याचे भान त्यांच्या स्वरांत होते आणि त्या भानानेच त्यांना नव्या वाटा दाखवल्या. अपूर्व कल्याण, मधुरकंस यांसारखे राग त्यांनी स्वतः रचले.

ग्रंथ आणि ध्वनिमुद्रणे मागे राहिली आहेत, ही सांत्वनाची गोष्ट खरी. पण सरगम आधी ठरवून गायची नसते, ती त्या त्या क्षणी सुचते. ध्वनिमुद्रिका कितीही वेळा लावली तरी ती तीच सरगम ऐकवणार. ज्या दिवशी प्रभाताई गेल्या, त्याच दिवशी मुंबईत त्यांचे गायन व्हायचे होते. त्या मैफलीत त्यांना काय सुचले असते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.