उडी कमी, डोकं जास्त

चाळिशी जवळ आली की गुडघा बोलायला लागतो, बॉस! धुळ्याला कॉलेजात असताना मी प्रत्येक रिबाउंडसाठी उडायचो. आता जळगावात दिवसभर ऑफिसची खुर्ची आणि संध्याकाळी सिमेंटचं कोर्ट. कळ उडताना नाही, खाली येताना येते. मित्रांचा सल्ला: ‘भाऊ, आता कॅरम खेळ!’

व्हिन्स कार्टर आठवा. 2000च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्याने सात फूट दोन इंची फ्रेंच खेळाडूच्या डोक्यावरून डंक मारला. तोच पठ्ठ्या एनबीएत 2020पर्यंत, तब्बल 22 सीझन टिकला. फंडा साधा: उड्या कमी, लांबून थ्री-पॉइंटर जास्त, आणि बेंचवरून येऊन थोडीच मिनिटं खेळायची तयारी.

अवघड असतं ते टाळ्यांचा शॉट सोडणं. आपल्या सचिनने 2004च्या सिडनी कसोटीत लाडका कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला. कारण दुखापत नव्हतं, त्या फटक्यावर तो आउट होत होता. पण संयम तोच. धावा? नाबाद 241!

मीही आता जागा धरतो, पास देतो, बोर्डाचा आधार घेऊन बास्केट करतो. उडायला पोरं आहेत की! टाळ्या त्यांना, आणि सोमवारी ऑफिसचा जिना न लंगडता चढायचं सुख मला. सौदा वाईट नाही.