नाव नसलेले दुखणे

डोके दुखले तर माणूस डोके धरून बसतो आणि घरातले लगेच चहात आले घालतात. पोट दुखले तर ओवा पुढे येतो. परंतु काही दुखण्यांची जागा बोटाने दाखवता येत नाही. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर बाईच्या शरीराच्या त्या भागाला 'खाली' एवढाच शब्द आहे, आणि तोही मान खाली घालूनच उच्चारायचा. विषय संकोचाचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या कॉलेजात माझ्यासारखी आणखी एखादी असेल, तर तिच्यासाठी मी तो संकोच बाजूला ठेवते.

बारावीच्या पावसाळ्यात ते सुरू झाले. मिरची लागावी तशी आग. फोड नाही, पुरळ नाही, अंगावरून पांढरे जाणे नाही. बसले की आग वाढे. जव्हारला येताना एस.टी.त जागा असूनही मी दांडा धरून उभी राही. एकदा कंडक्टर म्हणाले, "बस की पोरी, तिकीट बसायचंच फाडलंय." सगळी गाडी हसली, मीही हसले.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. आणि कॉलेज म्हणजे तरी काय? तासामागून तास बाकावर बसणे. तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासाला मला प्रश्नच दिसेनासे होत. शिक्षण सोडून आईवडिलांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जावे, तिथे निदान बसावे तरी लागणार नाही, असाही विचार मनात येऊन गेला.

उपाय पुष्कळ झाले. आजीने कडुनिंबाचा पाला उकळून दिला. एका डॉक्टरांनी न तपासताच बुरशीचे मलम लिहून दिले. दुसऱ्यांनी तेच मलम पुन्हा दिले. तिसऱ्या ठिकाणी लघवी तपासली, त्यात काही निघाले नाही. "लग्न झालं की बरं होईल," असे सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

ग्रंथालयात मी नेहमी उभ्यानेच वाचते, हे आमच्या एका प्राध्यापिका बाईंनी हेरले. त्यांनी फार खोदून विचारले नाही. एका सोमवारी त्या मला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी माझी परवानगी विचारली. मग कापसाची काडी घेऊन त्या घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेका जागी हलकेच टेकवीत विचारू लागल्या, "इथे? दहापैकी किती?" पाचाच्या आणि साताच्या जागेवर माझ्या तोंडून किंकाळी निघाली. बाई म्हणाल्या, "याला व्हल्व्होडिनिया म्हणतात. योनिमुखाच्या नसांचं दुखणं. दिसत नाही, पण खरं आहे."

मी तिथे रडले. दुखले म्हणून नव्हे.

पुढे वाचनातून कळले, की न्यूयॉर्कच्या थॉमस नावाच्या डॉक्टरांनी १८८० सालीच या भागातल्या नसांच्या अतिसंवेदनेबद्दल लिहून ठेवले होते. मग जवळजवळ शंभर वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. किमान तीन महिने टिकणारी, स्पष्ट कारण न सापडणारी वेदना, ही आजची व्याख्या २०१५ सालची.

उपाय ऐकून हसू येईल इतके साधे होते. त्या जागी साबण आणि जंतुनाशक बंद, नुसते पाणी. सैल, सुती कपडे. आपल्याकडच्या पावसात वसतिगृहातल्या दोरीवर आतले कपडे ओढणीखाली लपवून वाळत घालतात. ते कधी वाळतच नाहीत. मी ते उघड्यावर, पंख्याखाली घालू लागले. चार दिवस कुजबुज झाली, मग आणखी तिघींचे कपडे शेजारी आले. रात्री एक लहान गोळी होती. मुळात उदासीच्या आजारावरची, पण कमी मात्रेत नसांच्या वेदनेवर देतात. तोंडाला कोरड पडे, सकाळी डोळे उघडत नसत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कोणी घेऊ नये.

सर्वांत गुण आला तो व्यायामाने. दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाखालचे स्नायू सदोदित आवळलेले राहतात आणि त्यानेच दुखणे वाढते. ते कसायचे नाहीत, सोडायचे असतात! उताणे पडून, गुडघे दुमडून, पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा. हे शिकायला मला दोन महिने लागले. सातावरचा आकडा आता दोनावर आहे. परीक्षेच्या आठवड्यात तो चारावर जातो. बसमध्ये मी घडी घातलेली गोधडी घेऊन बसते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांचा लेख जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. माझ्यासारखे न दिसणारे दुखणे त्या मोजणीत कितपत आले असेल, कोण जाणे.

हा आकडा मी सुट्टीत आजीला सांगितला. ती नागली पाखडत होती. सूप थांबले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मलाबी हाय. तुझा बाप झाला तवापासून." मग सूप खाली ठेवून तिने विचारले, "तुझ्या त्या डॉक्टरीन म्हातारीला बघत्यात का?"

तिचे दुखणे वेगळे असणार. बहुधा अंग बाहेर येत असावे. तपासल्याशिवाय कळणार नाही. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी नाशिकला जाणार आहोत. गोधडी एकच आहे, ती आजीला देईन.