परक्या मैदानावर

फुटबॉलचा सामना पाहायला मुंबई गाठावी, हे मार्केट यार्डात कोणालाच पटण्याजोगे नव्हते. २०१५ साली मी निघालो तेव्हा शेजारच्या गाळ्यावरचे आडते म्हणाले, "का हो, बालेवाडी ओस पडली वाटतं?"

वास्तविक कूपरेज हे नावच आम्हां व्यापारपेठेतल्या लोकांना जवळचे वाटावे. कंपनी सरकारच्या अमदानीत तेथे लाकडी पिंपे बांधणारे कारागीर बसत, त्यावरून हे नाव. पुढे रोव्हर्स चषकाने ते गाजले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो चषक नेला. तेही पाहुणेच! मला तेवढाच धीर.

आम्ही पुणेकर मूठभर, एका कोपऱ्यात बसलेलो. ओरडायचे मराठीत, आणि पलीकडून उत्तर येई तेही मराठीतच, शिव्यासुद्धा ओळखीच्या. मग परके कोण, हे ठरवावे कसे? शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी शेंगांची पुडी पुढे केली.

"कुणीकडचे?"

"गुलटेकडी, पुणे."

"अस्सं! मग शेंगा खा आणि हरा," ते म्हणाले.

त्या हंगामानंतर पुणे एफसी पुन्हा त्या स्पर्धेत उतरलाच नाही. २०१७ साली मुंबई एफसीचेही दुकान बंद झाले. घरचा संघच उरला नाही, तर पाहुणा म्हणून जावे तरी कोणाच्या नावाने? त्या गृहस्थांची मात्र मला कधी कधी असूया वाटते. संघ त्यांचाही गेला. पण संध्याकाळी जाऊन कठड्याशी उभे राहायला त्यांना कूपरेज तरी आहे.